द्वारका मंडपची मालकीण

टॅक्सचं काम करते असं सांगितलं की जालन्यात समोरच्या माणसाचं दोनपैकी एक काहीतरी होतं. नोकरदार असला तर तो खुर्ची जवळ ओढतो, धंदेवाला असला तर मागे सरकवतो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण मात्र दोन्ही होते. सकाळी नोकरी, संध्याकाळी धंदा. त्यामुळे ते खुर्ची आधी जवळ ओढत आणि मग मागे सरकवत.

मस्तगडला भांड्यांच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. जिना इतका अरुंद की वर येणाऱ्याने खाली उतरणाऱ्यासाठी भिंतीला चिकटून उभं राहायचं. मोठ्या कारखान्यांची, बियाण्यांच्या कंपन्यांची कामं करणारे मोठे लोक वेगळे. मी केली ती जोडधंद्यांची कामं. एस.टी.तल्या कंडक्टरची पिठाची गिरणी, तलाठ्याचं खताचं दुकान, मास्तरांचे मंडप. बाई असून टॅक्सचं काम करते म्हणून सुरुवातीला कुणी जिना चढत नव्हतं. नंतर तोच माझा फायदा झाला. मॅडमच्या पोटात गोष्ट राहते, असं लोक म्हणू लागले आणि मला ते फार गोड वाटायचं.

बाहेरच्या माणसाला आमचं काम आकडेमोडीचं वाटतं. ते तसं नाही. आकडे मशीन करतं. आमचं काम म्हणजे माणसाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समजावणं. आमच्या शफीचाचांचंच घ्या. त्यांचा कूलर बनवायचा धंदा. उन्हाळ्यात चाचांना श्वास घ्यायला फुरसत नसे, आणि पावसाळा लागला की ते माझ्यावर चिडायला मोकळे.

"मॅडम, बारिश में कूलर कौन लेता? दुकान बंद करके बैठा मैं. फिर किस बात का रिटर्न?"

"चाचा, काही विकलं नाही, हे पण सरकारला सांगावं लागतं. नाहीतर दंड लागतो."

"नै बेच्या, ये बोलने की भी फीस?"

"हो."

चाचांनी फीचे पैसे मोजून टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "तुमारा धंदा अच्छा है. बारा महिने चलता."

असली माणसं होती म्हणून हे कोरडं काम इतकी वर्षं हसत केलं. पण या दिवाळी अंकासाठी लिहायला बसले तेव्हा चाचांचे चार-पाच किस्से सांगून मोकळी होईन असा माझा विचार होता, आणि तो काही जमला नाही. लिहायला घेतलं की दरवेळी एकच बाई समोर येऊन बसते. तेव्हा तिचंच सांगते. नावं बदलली आहेत.

सरकारी नोकराला स्वतःच्या नावावर धंदा करता येत नाही. बायकोला करता येतो. त्यामुळे आमच्याकडे नोकरदाराचा जोडधंदा बायकोच्या नावावर असतो. बायको खरंच तो धंदा बघत असेल तर यात वाईट काहीच नाही. पण माझ्या कपाटात बायकांच्या नावाच्या जेवढ्या फायली होत्या, त्यातल्या फारच थोड्या बायकांनी माझा जिना पाहिला होता. नवरा आधार आणि पॅन आणून देई, फोटो मोबाइलवर पाठवी, मोबाइल नंबर स्वतःचा लिही. ओटीपी त्याच्याकडे येई. मी फोन करायचे, तो आकडे सांगायचा, मी ते टाकायचे. एवढ्यात बाईची संमती झाली असं सरकारही धरून चाले आणि मीही.

शेजूळ सर राजूरच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. राजूरला गणपतीमुळे लग्नं, साखरपुडे, चतुर्थीची गर्दी, त्यामुळे मंडपाला मरण नाही. सरांनी हळूहळू खुर्च्या, गाद्या, स्टेज, जनरेटर असं सगळं जमवलं. नाव ठेवलं द्वारका मंडप अँड डेकोरेशन. द्वारका त्यांची बायको.

"मॅडम, आपली लक्ष्मीच मालकीण," असं म्हणून त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवले. स्वभावाने गोड माणूस. येताना राजूरचा पेढा आणायचे. मला आवडायचे, हे कबूल केलं पाहिजे.

नोंदणीसाठी त्यांनी बायकोचा जो फोटो पाठवला तो कुठल्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापलेला होता. खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात होता, तो अर्धाच आला होता. मी दुसरा पाठवा म्हणाले. ते म्हणाले, "घरात हाच एक आहे मॅडम, चालवून घ्या." चालवून घेतला.

आता थोडं कंटाळवाणं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. छोट्या धंद्याला वह्या-बिलं सगळी ठेवायची सक्ती नसते. एकूण उलाढालीच्या ठरावीक टक्के तरी नफा झाला असं धरून रिटर्न भरता येतं. त्याहून जास्त नफा दाखवला तर सरकारची हरकत नाही. आणि एका मर्यादेपर्यंत उत्पन्न असलं तर शेवटी कर शून्यच येतो. म्हणजे नफा थोडा दाखवा की त्या मर्यादेपर्यंत भरपूर दाखवा, भरायचं काहीच नाही. सरांना टेम्पोसाठी कर्ज काढायचं होतं. बँक रिटर्न बघून कर्ज देते. तेव्हा मीच त्यांना म्हणाले, "सर, मॅडमचा नफा जरा चांगला दाखवू. कर तर येत नाही, मग आकडा लहान कशाला ठेवायचा?"

आमच्या धंद्यात याला कुणी खोटं म्हणत नाही. हुशारी म्हणतात. सर खूश झाले आणि बँकेने कर्ज दिलं. दरवर्षी मग मी तोच आकडा थोडा थोडा वाढवत गेले, कारण एकदा चढलेला आकडा खाली आणला तर बँक विचारते. कागदावर द्वारकाबाई वर्षाला एखाद्या अधिकाऱ्याइतकं कमावू लागल्या.

मग एकदा सर आले आणि तीन वर्षांच्या रिटर्नच्या प्रती मागितल्या, सही-शिक्क्यासह.

"पुन्हा कर्ज का सर?"

"तसंच समजा."

पेढा आणला नव्हता. मला तेवढं खटकलं, पुढे काही खटकलं नाही. प्रत्येक पानावर शिक्का मारून दिला. तोही जरा जोरातच मारते मी, सवय आहे.

त्यानंतर काही दिवसांनी एक बाई जिना चढून आली. दारातच चप्पल काढली. आमच्याकडे कुणी काढत नाही. चेहरा ओळखीचा वाटला, पण कुठला ते लक्षात येईना. खुर्चीवर अगदी कडेला बसली आणि पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे ठेवले.

"हा शिक्का तुमचा हाय ना मॅडम?"

होता.

"याच्यात मी काय कमावते ते लिव्हलंय म्हणं. कोर्टात त्यांच्या वकिलानं लावलंय. म्हणं बाई मोठी धंदेवाली हाय, तिला पोटगी कशाला पायजे. मी भावाकडं राहून राह्यले मॅडम, अंबडकडं. घरातून काढल्यापून तिथंच हाय. भावजय काय बोलत न्हाई, पण ताट जरा आपटून ठिवती. पोरीच्या शाळेचं भरायचंय. मंग मला एवढंच सांगा, मी हे कवा कमावलं? अन् ठिवलं कुठं?"

तेव्हा मला फोटो आठवला. तोच चेहरा, फक्त खांद्यावरचा हात नव्हता.

मी काय बोलायला हवं होतं हे आज मला नीट कळतं. त्या दिवशी मला फक्त एवढंच कळलं की हे नवरा-बायकोचं भांडण आहे आणि माझा शिक्का त्यात आला आहे. भीती वाटली. भीती वाटली की मी फार व्यवस्थित बोलते.

"हे बघा ताई, अशी माहिती आम्हाला कुणाला देता येत नाही. तुम्ही सरांकडूनच घ्या. आमचे क्लायंट सर आहेत."

"पण नाव तर माझं हाय."

"नाव तुमचं आहे. पण क्लायंट ते आहेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. एखादी गोष्ट आपल्यालाच समजत नसेल असं वाटून माणूस बघतो, तसं. मी पाणी पुढे केलं. तिने घेतलं नाही. कागद गोळा केले, घडी जशी होती तशीच घातली, दारात चप्पल घातली आणि गेली. खाली जाताना जिन्यात कुणी वर येत होतं, तेव्हा ती भिंतीला चिकटून उभी राहिल्याचं मला वरून दिसलं.

त्या दिवशी मी पुढची सगळी कामं केली. घरी जाऊन भाकरीही थापली. लाज लगेच येत नाही, निदान मला तरी आली नाही. मी उलट मनातल्या मनात तिच्याशीच वाद घालत होते. सह्या करताना विचारायचं होतं ना, म्हणत होते. मग आठवलं की सही अशी तिने केलीच नव्हती.

महिना भरला, द्वारका मंडपचं जीएसटीचं रिटर्न भरायची वेळ आली. खातं उघडलं आणि नेहमीसारखा सरांना फोन लावला. सर वर्गात होते. मागून पोरांचा पाढ्यांचा कल्लोळ येत होता.

"सर, ओटीपी आला असेल."

"आला आला, घ्या मॅडम," म्हणून ते आकडे सांगायला लागले.

माझा हात कीबोर्डवर होता. समोर तिचं नाव होतं. ते आकडे सांगत होते आणि माझ्याकडून एकही टाकला गेला नाही. मला ऐकू येत नव्हतं असं नाही. पाढे म्हणणारी पोरंसुद्धा मला स्पष्ट ऐकू येत होती.

"मॅडम? टाकला का?"

"सर, द्वारकाबाई आल्या होत्या माझ्याकडे."

पलीकडे ते पोरांवर ओरडले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "हां. येईल ती तुमच्याकडं, असं म्हणाले होते वकील. तुम्ही काय बोलल्या न्हाईत ना?"

"नाही."

"मग बराबर केलं."

त्यांनी दिलेल्या या शाबासकीने माझी जी मान खाली गेली ती ऑफिसमध्ये कुणी नसतानाही वर येईना. बराबर केलं. मी शाळेत होते तेव्हापासून मला शाबासकी आवडते आणि या माणसाने मला ती नेमकी कशासाठी दिली होती ते मला कळलं होतं. ते रिटर्न मी भरलं नाही. दंड लागला. सरांनी फाइल दुसरीकडे नेली.

आता इथे मी स्वतःहून तिच्या वकिलाकडे गेले असं लिहिता आलं असतं तर फार बरं झालं असतं. नाही गेले. तिच्या वकिलाने कोर्टामार्फत मला साक्षीला बोलावलं, म्हणून गेले. त्याआधी सरांचे वकील मला भेटून गेले. सज्जन गृहस्थ, आवाजही हळू. म्हणाले, "मॅडम, खोटं काहीच बोलायचं नाही. रिटर्न बाईंच्या नावाने भरलंय, शिक्का तुमचा आहे, एवढंच म्हणा. हे खरंच आहे ना?" खरंच होतं. माझी इतकी वर्षं असल्या खरेपणावरच गेली होती.

जालन्याचं कोर्ट मी कामानिमित्त पुष्कळ वेळा पाहिलंय, पण पिंजऱ्यातून पाहिलं नव्हतं. द्वारका भिंतीजवळच्या बाकावर बसली होती. शेजारी तिचा भाऊ, मांडीवर टोपी घेऊन. सर दुसऱ्या बाजूला. त्यांनी मला बघून नमस्कार केला.

तिच्या वकिलांनी विचारलं, "ही रिटर्नं तुम्ही भरलीत?"

"हो."

"अर्जदार बाईंच्या सांगण्यावरून?"

"नाही. त्यांच्या मिस्टरांच्या."

"यातला नफ्याचा आकडा कुणी ठरवला?"

सरांचे वकील उठून उभे राहिले. मला वाटलं ते हरकत घेतील आणि मी सुटेन. न्यायाधीशांनी उत्तर द्या म्हणून सांगितलं.

"मी सुचवला. कर्जासाठी."

"प्रत्यक्ष तेवढा नफा होता?"

"मला माहीत नाही. मी विचारलं नाही."

"अर्जदार बाईंना तुम्ही पहिल्यांदा कधी भेटलात?"

"या प्रती कोर्टात लागल्यावर. त्या माझ्या ऑफिसला आल्या होत्या."

"काय विचारलं त्यांनी?"

"विचारलं, की मी हे कधी कमावलं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं की आमचे क्लायंट सर आहेत."

लिहून घेणाऱ्या मुलीने फक्त मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. सरांच्या वकिलांनी मग उलटतपासणीत मला खूप सोललं. बाईला न बघता तिच्या नावाने रिटर्न भरता, मग तुमच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवायचा, असं विचारलं. अगदी योग्य प्रश्न होता. मी म्हणाले, ठेवू नका, बँकेचं खातं तपासा, पैसे कुणी काढले ते बघा. खातं तपासलं गेलं. मंडपाचे जमा झालेले पैसे कुणाच्या मोबाइलवरून कुठे जात होते ते स्पष्ट दिसलं. तिला पोटगी मंजूर झाली. फार नाही, पण भावजयीच्या ताटाचा आवाज ऐकू येणार नाही एवढी. अंबडला तिने एक खोली घेतली असं नंतर कळलं.

माझं म्हणाल तर मॅडम कोर्टात बोलतात अशी बातमी मस्तगडपासून मोंढ्यापर्यंत गेली. तलाठी गेले, गिरणीवाले कंडक्टर गेले, आणखीही बरेच गेले. शफीचाचा राहिले. "मेरा धंदा मेरेच नाम पे है," म्हणाले, "मेरे को क्या डर?" हे ऐकून आधी मला हसू आलं आणि मग भरूनच आलं. चाचांना वाटलं फीस कमी करावी लागेल म्हणून रडते.

आणि मग द्वारका पुन्हा आली. या वेळीही दारात चप्पल काढली. म्हणाली, "ती मंडपची नोंद बंद करायचीय मॅडम. माझ्या नावावर आता कुणी काय करू नये."

बंद करायला आधी मोबाइल नंबर बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी कार्यालयात अर्ज, कागद, पुन्हा हेलपाटा. मी तिच्याबरोबर गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, मालक कोण, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मीच की." नंबर बदलून झाल्यावर आम्ही ऑफिसला आलो. मी बटण दाबलं. तिच्या हातातल्या नव्या फोनने आवाज केला. तिने स्क्रीन जरा लांब धरली आणि एकेक आकडा वाचू लागली, सावकाश, मध्ये थांबून, मी टाकला की नाही ते बघून. इतक्या वर्षांत त्या खात्याचा ओटीपी तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. तोही खातं बंद करायला.

झाल्यावर तिने पदराची गाठ सोडली. "किती द्यायचे?"

"काही नको. तुमच्याकडून मी काय घेणार."

"घ्या मॅडम." आवाज तसाच शांत. "तवा म्हणल्ता ना, क्लायंट ते हायत. आता काम मी करून घेतलं. मंग फीस मीच देणार. अन् पावती द्या. माझ्या नावानं."

मी पावतीपुस्तक काढलं. त्यात द्वारका मंडपच्या मागच्या सगळ्या पावत्यांवर शेजूळ सर, शेजूळ सर असंच होतं. तिचं नाव लिहिताना अक्षर वाकडं आलं. दुसरी लिहू का म्हटलं. ती म्हणाली, "असू द्या, वाचता येतंय." पावतीची घडी घालून पिशवीत ठेवली. या वेळी पाणी प्यायली. माझ्याकडे बघून हसली वगैरे नाही. मला माफ केलंय असंही काही म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

ती गेल्यावर कपाटात उरलेल्या बायकांच्या नावाच्या फायली मी खाली काढल्या. वरच्याच फायलीवरचा नंबर लावला. अर्थात नवऱ्याने उचलला. जुना क्लायंट, बोलायला मोकळा.

"बोला मॅडम, ओटीपी पाहिजे का?"

"नाही. वहिनींना फोन द्या जरा."

"तिला? तिचं काय काम?"

"धंदा त्यांचा आहे ना," मी म्हणाले.

तो मोठ्याने हसला. मी गंमत करतेय असं त्याला वाटलं. वाटणारच, एवढी वर्षं मीही त्यात हसत आले होते. त्याचं हसणं संपेपर्यंत मी फोन कानाला धरून बसले आणि मग पुन्हा म्हणाले, "वहिनींना द्या."